नवरदेवाचं पोट आणि कडू थेंबांची बाटली

माझं पोट माझ्या एकट्याचं कधीच नव्हतं. ते सबंध गावाचं होतं. पाटणच्या पलीकडं डोंगराच्या पोटात आमचं गाव. कुणाची म्हैस व्याली, कुणाचा पोरगा पलटणीतून सुट्टीवर आला आणि मी सकाळपासून किती वेळा ओढ्याकडं गेलो, या बातम्या पारावर रोज ताज्या मिळायच्या. माझ्या जाण्यायेण्यावर पारावरचे म्हातारे घड्याळं लावायचे असं मी सांगतो तेव्हा लोक हसतात. हसू देत. पारावर कुणाकडं घड्याळ नव्हतं हे मलाही ठाऊक आहे. पण निदान दोघांनी तरी बैलांना वैरण टाकायची वेळ माझ्या टमरेलावर ठरवली होती, हे मी कुठल्याही देवळात शपथ घेऊन सांगेन.

"काय टमरेल, वढ्याला पाणी आलं का रं?"

"आवं, पाणी कशाला यायला पायजे? टमरेल वरल्या अंगाला जाऊन आलंय न्हवं का!"

हे असं. माझं नाव आईनं ठेवलं होतं, पण तिच्याशिवाय ते कुणी वापरत नव्हतं.

दुखणं नेमकं काय, ते सांगतो. नाहीतर पुढचं कळायचं नाही. घास पोटात गेला की बेंबीखाली पीळ पडायचा, ओल्या धोतराला दोघांनी दोन्हीकडून धरून पिळावं तसा. पीळ आला की पळायचं. पळून आलो की अर्धवट झालंय असं वाटायचं, म्हणून पुन्हा पळायचं. असे काही दिवस गेले की पोट एकदम रुसायचं. मग सगळं बंद. पोट नगाऱ्यासारखं तट्ट. आणि या सगळ्याला मुहूर्त लागायचा. परीक्षेचा दिवस, एसटीचा प्रवास, पाहुणे येणार असले की पोटाला ते माझ्याआधी कळायचं.

पाटणच्या डॉक्टरनं जीभ बघितली आणि म्हणाला, आव. आमच्या भागात त्या काळी पोटाचं काहीही झालं तरी आवच असायची. आवेच्या गोळ्या मी इतक्या खाल्ल्या की तोंडाला कायम गंज चाटल्याची चव. माझ्या उष्ट्या भाकरीला कुत्रं तोंड लावत नव्हतं. साताऱ्याच्या डॉक्टरनं पोट दाबलं आणि सांगितलं, लिव्हर. त्याचं काळं टॉनिक दोन वर्षं प्यायलो. सुई दोघांनीही टोचली, कारण सुई नाही टोचली तर डॉक्टर शिकलेला नाही असं आई समजायची. वैद्यानं कुड्याच्या सालीचा काढा दिला. तो इतका कडू की पिताना मी रडायचो आणि रडताना पळायचो. वर बेलाचा मुरंबा. मजा अशी की प्रत्येक औषध पहिले आठ दिवस लागू पडायचं. आठ दिवस मी माणसात यायचो. घरात आनंदीआनंद. आणि नवव्या दिवशी मी पुन्हा ओढ्यावर.

या सगळ्या काळात माझा थोरला चुलता मला बघून घ्यायचा. पलटणीतून सुभेदार होऊन परतलेला, मिशा अशा की दारातून आधी त्या आत यायच्या. पंक्तीत माझं ताट बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचा, "रंगरूट, ह्ये जेवान पोटात ठेवणार हायेस, का नुसतं वाटंला लावणार हायेस?" पंगत हसायची. मी वाटेला लागायचो. त्याला वाटायचं माझं पोट म्हणजे एक बेशिस्त शिपाई. दोन ठोसे दिले की सरळ होईल.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतर मला कुपवाडला एका कारखान्यात लेथवर काम मिळालं. सांगलीत खोली, सायकलवरून कुपवाड. वाटेत माझे ठरलेले आडोसे होते, ते आता सांगत नाही, तिथं घरं झाली आहेत. सांगलीत मला तो डॉक्टर भेटला. असा तापट माणूस मी दुसरा पाहिला नाही. पेशंटनं 'डॉक्टरसाहेब' म्हटलं तरी तो ओरडायचा. त्यानं सगळ्या तपासण्या करून घेतल्या, आणि सगळ्या तपासण्या स्वच्छ निघाल्या. आव नाही, जंत नाहीत, लिव्हर घोड्यासारखं. कागद टेबलावर आपटून तो म्हणाला, "तुला काही झालेलं नाही. आणि ते जन्मभर राहणार आहे."

मी म्हटलं, म्हणजे काय?

"म्हणजे आतडं धड आहे, त्याचा स्वभाव वाईट आहे. बायकोचा स्वभाव वाईट असला तर कापून टाकतोस का? सांभाळून घेतोस. तसं."

मग त्यानं सांभाळायची साधनं दिली. रोज रात्री इसबगोल भरपूर पाण्यातून. जुलाब असो की कुलूप असो, दोन्हीकडून तेच. जेवणाआधी, आणि पीळ पडत असेल तेव्हाच, एका बाटलीतले कडू थेंब पाण्यात. दहा. त्यानं आतड्याचा पीळ सुटतो. जुलाब बांधायची बारीक गोळी फक्त प्रवासाला, खिशात असू दे, तोंडात नको. आणि तिखट कमी, चहा कमी. जाताना दारापर्यंत येऊन ओरडला, "थेंब विषारी आहेत! दहाचे अकरा करायचे नाहीत. आणि सगळं एकदम कालवून खायचं नाही. ही औषधं आहेत, मिसळ नाही!"

महिन्याभरात मी माणूस झालो. सायकलवरून कुपवाडला सरळ जाऊ लागलो. पोट बरं झालं नव्हतं, पण आता ते मला विचारून वागायचं. मुलगा सुधारला हे कळताच घरच्यांनी माझं लग्न काढलं.

मुलगी विट्याकडची. बाप सोनं गाळणारा. त्या भागातली माणसं कुठल्या कुठल्या मुलखात जाऊन सोनं गाळायची दुकानं टाकतात, त्यातला एक. बोलताना माणसाच्या डोळ्यांत असा बघायचा की आपल्यात कस किती आणि हीण किती ते त्याला दिसतंय. बघायच्या कार्यक्रमाला चुलत्यानं मुलीला पलटणीतल्यासारखं विचारलं, "सैपाक येतो का?"

ती मान खाली घालून म्हणाली, "येतो की. खाणाऱ्याला पचाय पायजे."

खोलीत सगळे दचकले. चुलत्याच्या मिशा खाली आल्या. माझं आतडं मात्र आयुष्यात पहिल्यांदा पाहुण्यांच्या घरात गप्प बसलं. मी तिथंच ठरवलं. ही मुलगी मिळाली तर जन्मभर मिळमिळीत खाईन, इसबगोल दोन्ही वेळा घेईन, पण हिच्याशी बोलत बसेन. मला दुसरं काही नको होतं. हुंडा नको, सोनं नको. फक्त मुहूर्तापर्यंत पोटानं इमान राखायचं होतं.

तिथं आमचं गडगनेर आडवं आलं. शहरातले लोक याला केळवण म्हणतात आणि साजूक तुपातलं काहीतरी वाढतात. आमच्याकडं गडगनेर म्हणजे लग्नाआधी भावकीतल्या एकेका घरी नवऱ्याला बोलवायचं आणि त्याचा जीव जाईपर्यंत खायला घालायचं. नाही म्हणायची सोय नाही. एका घरी जेवलात आणि दुसऱ्या घरी नाही म्हणालात तर पुढच्या पिढ्यांपर्यंत बांधावर बोलणं बंद. मी आईला सांगितलं, मला झेपायचं नाही. आई म्हणाली, "रोज थोडं थोडं खा." थोडं! आत्याच्या घरी पुरणपोळ्यांची चळत माझ्या नाकाला लागत होती. दाजींच्या घरी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या सासरी, शेंगदाण्याच्या पोळ्या आणि त्यावर तुपाची धार, ती मी 'पुरे' म्हटल्यावर आणखी जाड व्हायची. आणि चुलत्याच्या घरी बोकड पडलं. तांबड्या रश्श्याकडं नुसतं बघून माझ्या डोळ्यांना पाणी आलं.

"आण्णा, माझं पोट..."

"पोट? पोट मला दावतूस? बर्फात सोळा कोस चाललोय मी ह्या पोटावर! वाढा त्येला!"

वाढलं. मी खाल्लं. माझा चुलत भाऊ, चुलत्याचा मुलगा, माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा, शेजारी बसून माझ्या डबल हादडत होता. देवानं त्याला डोक्याच्या जागीसुद्धा पोटच दिलं होतं. ते दगड पचवायचं.

लग्नाला निघेपर्यंत सांगलीच्या डॉक्टरची सगळी मेहनत धुऊन गेली होती.

लग्न मुलीच्या गावी. आमच्या डोंगरात झाडाझुडपांची काय कमी. हात लांब केला की आडोसा. तिकडं पूर्वेला नुसता माळ. नजर जाईल तिथवर माळ, आणि त्यावर एक बाभूळ, तीसुद्धा लाजून आडवी वाढलेली. तिच्याखाली गावातली मेंढरं बसलेली. आदल्या दिवशी हळद लागली होती. आणि हळद लागलेल्या नवऱ्यानं एकट्यानं बाहेर पडायचं नसतं. वारं लागतं, नजर लागते, काहीबाही मागं लागतं. हातात टोकाला लिंबू खोचलेली कट्यार पाहिजे, सोबत करवला पाहिजे. माझा करवला म्हणजे तो चुलत भाऊ.

लग्नाच्या दिवशी पहाटे पोटात पीळ पडला. मी एका हातात कट्यार, दुसऱ्या हातात टमरेल घेऊन जानवशाच्या बाहेर पडलो. मागं चुलत भाऊ जांभया देत. ओट्यावर बँडवाले चहा पीत होते, शेजारी चुलता मिशांना पीळ देत बसला होता. मला बघून त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी अजून विसरलेलो नाही.

"वाजवा रं! बसलाय काय? नवरदेव चाललाय, मुक्यानं जाणार व्हय?"

आणि वाजवलं हो त्यांनी. पिपाणी, ढोल, खुळखुळा, सगळं. मी पुढं, कट्यार आणि टमरेल, मागं करवला, त्याच्या मागं बँड, त्याच्या मागं जागं झालेलं अर्धं गाव. माळवदांवर बायका चढल्या. मी थांबलो की बँड थांबायचा, मी चाललो की बँड चालायचा. बाभळीखालची मेंढरं उठून पळाली, ती कर्नाटकात जाऊन थांबली म्हणतात. बसायचं कुठं आणि कसं? मी तसाच परत फिरलो. बँड तसाच परत फिरला. अशी मिरवणूक दिवस डोक्यावर यायच्या आत पुन्हा निघाली, आणि पुन्हा निघाली. नवरीकडची पोरं गाणं जुळवून नाचायला लागली. नवरीचा मामा, देवमाणूस बिचारा, आमच्या दाजींना बाजूला घेऊन म्हणाला, "पावनं, नवरदेवाला हगवण हाय का? आमच्याकडं मागल्या साली पटकीनं दोन माणसं मेली, म्हणून इचारतो."

झालं. आमच्या वऱ्हाडात पळापळ. अब्रूचा प्रश्न. मुहूर्त दुपारचा, आणि त्याआधी नवऱ्याला घोड्यावरून मारुतीच्या पाया पडायला जायचं. आता ऐका. मला जेवू घालणाऱ्या प्रत्येक घराला वाटलं की नवऱ्याचं पोट आपल्याच जेवणानं बिघडलं, आणि हे बाहेर फुटायच्या आत आपणच ते बांधलं पाहिजे. गडगनेर घातलं ना? मग बंदोबस्तही आपणच करायचा. आणि गुपचूप, कारण दुसऱ्या घराला कळलं तर ते म्हणणार, बघा, ह्यांच्याच पोळीनं झालं.

पहिली आत्या आली. पदराच्या गाठीतून मोहरीएवढी काळी गोळी काढली. लेकरं गप्प झोपावीत म्हणून घरोघरी ठेवलेली असायची तसली अफू. "गिळ. आन् कुणाला बोलू नगंस." तिला मी गडगनेरालाच नाही म्हणू शकलो नव्हतो, हळद लागलेल्या अंगानं आता काय म्हणणार? गिळली. ती गेली आणि दाजी आले. माझ्याच पिशवीतली जुलाब बांधायची गोळ्यांची पट्टी काढून त्यांनी माझ्या तळहातावर मूठभर गोळ्या ओतल्या. "येक येक घेत बसलात तर अक्षता पडतील. कुणाला सांगू नका हां." सासऱ्याला, मेव्हण्याला असं आदरानं बोलायची त्यांची रीत. त्याही गिळल्या. आई जायफळ उगाळून घेऊन आली. तिचं बोट माझ्या जिभेवर होतं आणि डोळ्यांत पाणी होतं. आईला कोण नाही म्हणेल?

आणि मग चुलता. त्यानं खिशातून माझी थेंबांची बाटली काढली. ती कधी घेतली त्यानं, कोण जाणे.

"किती घेतूस ह्यातलं?"

"दहा थेंब. आण्णा, डॉक्टरनं सांगितलंय, त्यात ईख हाय, अकरा न्हाई..."

"धा थेंब?" तो असा हसला की भिंतीवरची पाल पडली. "धा थेंबानं चिमणीचं पोट थांबंल. गड्याचं पोट हाय ह्ये!" आणि बाटलीचं टोपण काठोकाठ भरून त्यानं माझ्या तोंडात ओतलं, आणि वर नाक दाबून धरलं, बैलाला नळीनं औषध पाजतात तसं. "कुणाला सांगू नगंस," तोही म्हणाला.

पोट थांबलं. कबूल करतो. असं थांबलं की पुढं चार दिवस ते माझ्याकडं आहे की नाही ते कळत नव्हतं. घोड्यावर बसलो तेव्हा तोंड कोरडं पडायला लागलं. मारुतीपाशी पोचलो तेव्हा जीभ टाळूला चिकटली होती. अंग तापून लाल. हळदीखाली मी भाजलेल्या खेकड्यासारखा दिसत होतो म्हणे. ऊन डोळ्यांत घुसत होतं. मारुतीनं मला डोळा मारला. मी त्याला मारला. परतताना घोड्याला पाच पाय दिसले, आणि मला त्याचं काही वावगं वाटलं नाही. लांबचं दिसायचं, जवळचं सगळं पाण्यात भिजलेल्या कागदासारखं.

मंडपात मला पाटावर उभं केलं. मधे अंतरपाट. पलीकडं ती. माझ्या मागं माझा मामा, तिच्या मागं तिचा मामा, रीतीप्रमाणं. भटजी मंगलाष्टका म्हणत होते ते मला दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. प्रत्येक शब्द त्यांच्या तोंडातून माशीसारखा निघून माझ्याकडं येत होता आणि मी तो हातानं पकडत होतो. लोकांना वाटलं अक्षता झेलतोय. मग अंतरपाट खाली आला. मी हार उचलला. आयुष्यात इतक्या प्रेमानं मी कुणाला काही घातलं नसेल. तिनं मान खाली वाकवली होती, आणि मी तो हार तिच्या डोक्यावरून पलीकडं नेऊन तिच्या मामाच्या गळ्यात घातला.

तेव्हा नवरीकडच्या पोरांनी जो आरडाओरडा केला, तो माझ्या कारखान्यात कुपवाडला ऐकू गेला असेल. नाव घ्यायला कुणीतरी ओरडलं. मी तोंड उघडलं. जीभ हलली नाही, घशातून नुसता 'ख्ख' असा आवाज आला.

सोनं गाळणारा पुढं आला. त्यानं माझी हनुवटी धरली, अंगठ्यानं पापणी वर केली आणि डोळ्यात बघितलं. बुब्बुळ सगळं काळं झालं होतं म्हणे, खोल आडात बघावं तसं.

"गांजा," तो म्हणाला.

"न्हाई, येडा हाय," त्याचा भाऊ म्हणाला. "सकाळधरनं बघतोय मी. बँड घिऊन माळावर फिरत हुता."

आत्या काही बोलली नाही. दाजी काही बोलले नाहीत. आई म्हणाली, "औशिद दिलंय वो त्येला!" तेव्हा दहाजणांनी एकदम विचारलं, कसलं औषध, आणि तिला फक्त जायफळ माहीत होतं. जायफळानं कुणी मामाला हार घालतं का? हसले तिला. बाकीच्यांपैकी एकानं जरी तोंड उघडलं असतं, तरी मला पडवीत निजवून मुहूर्त दुसऱ्या दिवसावर गेला असता. पण आपलं गुपित सांगायला त्यांतला कुणी तयार नव्हता. चुलता तर नाहीच.

चुलता उलट घसा साफ करून मंडपाच्या मधे आला. "पावनं," तो म्हणाला, "पोरीला हळद लागलीया. हळदीचं अंग तसंच मांडवातनं उठवायचं म्हंजे तिचं वाटुळं. बरं न्हवं. माझा ल्योक हाय. दगुड पचवतो. घराणं तेच, मान तोच, जेवनावळ तीच."

आता लोक म्हणतात, त्यानं हे ठरवूनच केलं होतं. मी नाही मानत. त्यासाठी डोकं लागतं, आणि आमच्या घराण्यात ते माझ्या आजोबांबरोबरच संपलं. तो फक्त संधी बघून चालून गेला, पलटणीत शिकवतात तसा. सोनं गाळणाऱ्यानं चुलत भावाला एकदा वरून खाली बघितलं. कस कळला त्याला. मान हलवली. मुलीला कुणी विचारलं नाही. विचारायची पद्धत नव्हती.

माझ्या डोक्यावरचं बाशिंग सोडलं आणि त्याच्या डोक्याला बांधलं. माझ्या हातातली कट्यार काढून घेतली. मी ती घट्ट धरली होती, बोटं एकेक उघडावी लागली म्हणे. मामाच्या गळ्यातला हार काढून, झटकून, त्याच्या हातात दिला. माझ्या अंगाची हळद खरवडून त्याच्या गालाला लावली. आणि यातलं सगळ्यात वाईट मला दुसऱ्यांनी सांगितलेलं आहे, मला आठवत नाही: अक्षता पडायला लागल्या तेव्हा सबंध मांडवात सगळ्यात जोरात मी टाकत होतो. हसत हसत. मूठ भरभरून.

जेवणावळ उठेपर्यंत मला सांगलीला न्यायला ट्रक हलला नाही. वऱ्हाडाचा ट्रक एकच, आणि ड्रायव्हर पंगतीला बसला होता. मग रिकाम्या पातेल्यांमध्ये आईच्या मांडीवर डोकं ठेवून मी विट्याहून सांगलीला गेलो, आणि वाटभर हवेतून माशा वेचत होतो. तापट डॉक्टरनं मला बघितलं, आईला विचारलं, आणि प्रथमच ओरडला नाही. हे बघून आई जास्त घाबरली. नळ्या घातल्या, लघवीलासुद्धा. शुद्धीवर आल्यावर मी कोण कोण काय काय देऊन गेलं ते सांगितलं. तो म्हणाला, "यातलं एकेक औषध चालेल असा माणूस मिळेल. सगळी चालतील असा फक्त बैल मिळेल." मग ओरडायला लागला, आणि मला हायसं वाटलं.

पुढं तो म्हणाला तसंच वागलो. इसबगोल रोज, थेंब दहा, गोळी खिशात. पोट अजून सांभाळतो आहे. तोपर्यंत पाटणपासून विट्यापर्यंत माझी कीर्ती झाली होती: मामाला माळ घालणारा. मला मुलगी सांगून येईना. एक आली, तिच्या बापानं आल्या आल्या माझी पापणी वर करून बघितली.

आणि ती? ती आता माझी भावजय झाली. मी थोरला दीर. थोरल्या दिरासमोर धाकटीनं पदर ओढायचा, समोर यायचं नाही, बोलायचं नाही. जिच्याशी जन्मभर बोलत बसायचं म्हणून मी मिळमिळीत खायला तयार होतो, तिच्या बांगड्या तेवढ्या मला आतल्या खोलीतून ऐकू यायच्या. भाऊ ढेकर द्यायचा, तो मात्र सगळ्या आळीला ऐकू जायचा.

दोनेक वर्षांनी चुलत्याचं पोट बिघडलं. बर्फात सोळा कोस चाललेलं पोट! पीळ पडून तो अंथरुणावर वाकडातिकडा व्हायला लागला. ओढ्याकडं जायला निघाला की पारावरचे म्हातारे त्याला मुजरा करायचे. भीतीनं कुणी हसत नव्हतं, पण दोघांनी वैरणीची वेळ बदलली होती हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. सांगलीच्या डॉक्टरला दाखवलं, त्यानं तपासलं, आणि तेच थेंब लिहून दिले. ते आणायचं काम माझ्याकडं आलं; या औषधातलं गावात मलाच कळतं असं आता मानायचे. मी बाटली घेऊन त्यांच्या घरी गेलो. भाऊ शेतावर. चुलता खाटेवर, गुडघे पोटाशी. आतल्या दाराआड बांगड्या वाजल्या, आणि पाण्याचा पेला दारातून पुढं आला.

मी बाटली पेल्याशेजारी ठेवली आणि मागं सरून बसलो. रीत म्हणून भिंतीकडं बघत बोललो, "धा थेंब. अकरावा न्हाई. ईख हाय त्यात."

दाराआडून तिचा आवाज आला, लग्नानंतर पहिल्यांदा. माझ्याशी नाही, खुंटीवर टांगलेल्या कंदिलाशी बोलल्यासारखा.

"म्हणावं, त्या दिशी किती पाजलं हुतं?"

चुलत्यानं अंगावरचं पांघरूण एकदम वर ओढलं. मी भिंतीला सांगितलं, "टोपण भरून."

बांगड्यांचा हात दारातून आला आणि बाटली उचलून आत गेला. बाहेर कोंबड्या ओरडत होत्या. मग बाटलीचं टोपण फिरल्याचा आवाज आला.

"मग मामंजीस्नी बी तेवढंच दिऊया की," ती म्हणाली. "गड्याचं पोट हाय."

सुभेदार उठला. त्या पिळात, त्या वयात, असा उठला की खाट त्याच्याबरोबर उठली. "न्हाई! तिच्या हातचं न्हाई! अरं धर तिला!" असं ओरडत तो दारातून बाहेर पडला, आणि टमरेल न घेता ओढ्याकडं धावला. पारावरच्यांनी या वेळी मुजरा केला नाही. ते हसले, सगळे, पोट धरून. त्यानंतर त्यानं तिच्या हातचं पाणीसुद्धा कुणीतरी आधी पिऊन दाखवल्याशिवाय घेतलं नाही, आणि ती रोज नेमानं विचारायची, मामंजी, आज थेंब देऊ का?

तिनं मात्र त्यानंतर भिंतीला, कंदिलाला किंवा मला उद्देशून एक शब्द काढला नाही. मी ते वाक्य खूप दिवस उलटंपालटं करून बघितलं, सोनं गाळणारा बघेल तसं, त्यात माझ्यासाठी गुंजभर तरी काही आहे का म्हणून. नव्हतं. सगळं सासऱ्यासाठी होतं. मी नुसता प्रमाण सांगणारा.